दाजी उजवीकडून चालवतात

संकष्टीला ओझरच्या विघ्नेश्वराच्या पार्किंगमध्ये काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी शिरली की आमचे दाजी अर्धा चहा तसाच ठेवून उठतात. पांढरी पाटी घरच्या गाडीची, पिवळी पाटी ड्रायव्हरसकट भाड्याची आणि काळी पाटी म्हणजे भाड्यानं घेऊन स्वतः चालवायची, हे आता कुणालाही माहीत असतं. पण दाजींच्या लेखी काळी पाटीवाला हा परमुलखात उतरलेला पोरका जीव असतो. मग तो कोथरूडहून का आलेला असेना.

"भाड्याची ना?" दाजी काचेशी वाकून विचारतात. "घेताना ओरखड्यांचा व्हिडिओ काढला का?"

पोरगं नाही म्हणतं.

"मंग संपला तू."

एवढं बोलून ते गाडीभोवती प्रदक्षिणा घालायला लागतात. देवळातली प्रदक्षिणा नंतर. वसई जिंकल्यावर, म्हणजे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी इथल्या शिखराला सोनं चढवलं असं सांगतात. दाजींनी जर्मनी जिंकून आल्यावर इथल्या पार्किंगला नियम चढवले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. पण नात्यानं ते माझे दाजी असले तरी जातीनं सगळ्यांचे आहेत. लेकीकडे किंवा लेकाकडे दोन महिने राहून, तिथं भाड्याची गाडी चालवून आलेला माणूस आता आपल्याकडे गावोगाव सापडतो. फिरून आलेला माणूस फोटो दाखवतो आणि थांबतो. गाडी चालवून आलेला थांबत नाही.

दाजींचं जाणं झालं ते टोमॅटोमुळं. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला आणि दाजींचा तोडा नेमका तेव्हाच चालू होता. आयुष्यभर लाल चिखल तुडवलेल्या माणसाच्या हाती एकदम पैसा आला. पुढच्या उन्हाळ्यात दाजी आणि आक्का लेकीकडे श्टुटगार्टला निघाले. तेव्हापासून दाजी जगातली कुठलीही किंमत क्रेटमध्ये मोजतात; फक्त तेजीचं क्रेट की मंदीचं, ते विचारून घ्यावं लागतं.

आता जावई इंजिनिअर असताना गाडी सासऱ्यांनी का चालवावी? इथं जर्मन कायदा दाजींच्या मदतीला धावला. तिथं राहायला गेलेल्या माणसाला भारतीय लायसन्सवर सहा महिनेच गाडी चालवता येते. पुढं लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा देऊन तिथलं लायसन्स काढावं लागतं. जावयाचे सहा महिने कधीच उलटले होते आणि परीक्षा उद्यावर होती. पाहुणा म्हणून आलेल्याला मात्र आपलं लायसन्स आणि त्याच्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना असला की झालं. तो परवाना दाजींनी आमच्या चौदा नंबरच्या आरटीओतून हजार रुपये भरून काढलाच होता. वर्षभर चालतो. म्हणजे मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीतल्या जावयाला मोटार चालवायची बंदी आणि ओझरच्या सासऱ्याला मोकळं रान! हा भाग दाजी जावई समोर असताना जरा हळू आवाजात सांगतात, पण सांगतात.

उतरल्या उतरल्या गाडी घ्यायची असा त्यांचा हट्ट होता. "रातभर पिकअप हाणत वाशीला जाणारा माणूस मी, मला झोपेचं काय सांगती?" लेकीनं ऐकलं नाही, गाडी तिसऱ्या दिवसाची ठरवली. बरंच केलं. पहिल्या दिवशी दाजी दुपारी चारला जेवता जेवता झोपले, हातातला घास हातात.

गाडीच्या काउंटरवर चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर अनामत अडकवतात. बाईनं कार्ड मागताच दाजींनी मोठ्या झोकात किसान क्रेडिट कार्ड पुढं केलं. तीन लाखांपर्यंत पीककर्ज मिळतं याच्यावर, असं लेकीला भाषांतर करायला लावलं. लेकीनं आधीच काढून ठेवलेलं दुसरं कार्ड पुढं केलं तेव्हा विषय मिटला. मग विम्याचा आकडा आला. दाजी म्हणाले, आमच्याकडं एक रुपयात मिळतो. (तेव्हा मिळायचा.) पीकविमा वेगळा, हे लेकीनं मराठीतच समजावलं. पण टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग या विम्यात धरत नाहीत, असं कळल्यावर दाजींचा चेहरा खुलला. "म्हंजे गारपीट धरत्यात, वारा धरत नाय. ओळखीचंच हाय की." त्यांनी जादाचे पैसे भरून टायर-काचसुद्धा घेतलं. शेतकऱ्याला अर्धवट विम्याचं कुणी काही शिकवू नये.

मग गाडीची पारख. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना जसं खूर, शिंगं, दात, भोवरे बघतात, तसं दाजींनी चारी टायर दाबले, बॉनेट उघडून दात मोजले, रिमवरचा नखाएवढा ओरखडा शोधून त्याचा फोटो काढला आणि कागदावर लिहून घ्यायला लावला. पेट्रोल की डिझेल, ते झाकणावर वाचून लेकीकडून दोनदा वदवून घेतलं. गाडी देणारा पोरगा किल्ली टाकून निघून जाणार होता. पाऊण तास अडकला. आक्कानं पिशवीतून लिंबू काढलं. लेक म्हणाली, "आई, इथं नको." आक्का म्हणाली, "२०१९ ला फ्रान्समध्ये राफेलच्या चाकाखाली ठेवलेलं चाललं, ते काय गं?" या दाखल्यावर लेकीजवळ उत्तर नव्हतं. लिंबू ठेवलं. विघ्नेश्वराचा फोटो डॅशबोर्डला चिकटवला, तोही निघताना डाग राहणार नाही अशा चिकटपट्टीनं. ही दक्षता दाजींचीच.

सगळ्यात मोठी अदलाबदल झाली ती आक्काची. इतकी वर्षं गाडीत दाजींच्या डाव्या हाताला बसलेली बाई सत्यनारायणाला बसतात तशी उजव्या हाताला आली. म्हणजे जिथं स्टिअरिंग असायला हवं तिथं ती रिकाम्या हातानं बसलेली. पहिले दोन दिवस ती पायानं ब्रेक दाबत होती आणि गाडी थांबली की आपल्यामुळंच थांबली असं समजत होती. दाजींचं उलटं. ऑटोमॅटिक महाग म्हणून त्यांनी गिअरची गाडी घेतलेली. गिअर टाकायला डावा हात जायचा आणि दाराची काच खाली यायची. वळायच्या आधी इंडिकेटरऐवजी वायपर चालू. कडक उन्हात वायपर हलला की मागचा जर्मन ओळखायचा, की हे आता वळणार.

उजवीकडून चालवायचं हे लक्षात ठेवायला लेकीनं चिठ्ठी चिकटवली होती, "जेवायच्या हाताकडून". दाजींनी त्याहून पक्की खूण काढली: मी कायम रस्त्याच्या मधल्या अंगाला, आक्का गटाराच्या अंगाला. आक्काला ही खूण आजही आवडलेली नाही. पण ती बरोबर आहे. बहुतेक देशांत, गाडी तिथलीच असली तर, चालवणारा मधल्या रेघेकडं आला की बाजू बरोबर.

तरी एकदा चुकले. गर्दीत माणूस पुढच्याच्या मागं मागं बरोबर जातो. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर, पंपावरून किंवा दुकानातून बाहेर पडताना. एका खेड्यात चीज घेऊन निघाले आणि हात आपल्या सवयीनं डावीकडं गेला. समोरून ट्रॅक्टर. चालवणारा म्हातारा शेतकरी. त्यानं ट्रॅक्टर थांबवला. हॉर्न नाही, हात नाही, शिवी नाही. बसून राहिला. दाजींनी गाडी मागं घेतली, बाजू बदलली, तेव्हा त्यानं टोपीला बोट लावलं आणि गेला. "पाव्हणं," दाजी मला म्हणाले, "इतक्या शांतपणानं माझी चूक मला आजपर्यंत कुणी दाखवली नाय." हे सांगताना ते पार्किंगमधले दाजी नसतात. लगेच होतात म्हणा.

बिनमर्यादेच्या हमरस्त्याचं मात्र त्यांनी फार मनावर घेतलं होतं. आमच्याकडचे बैलगाडे शर्यतीच्या घाटात सुटले की पुढं घोडी पळते आणि मागं भिर्रर्र! दाजींना वाटलं, आपलीही बारी बसणार. प्रत्यक्षात डाव्या लेनमधून मागून एक दिवा मोठा होत आला आणि बघेपर्यंत पुढं लहान झाला. त्यानंतर दाजींनी एका कॅरॅव्हॅनला घोडी मानलं आणि तिच्या मागं उजव्या लेनमधून नव्वदच्या वेगानं थेट स्विस हद्दीपर्यंत गेले. कुठंही थांबायची सोय नाही आणि तेल संपून गाडी थांबली तरी दंड, हे कळल्यापासून अर्ध्यावर काटा आला की टाकी भरायचे. इथं त्यांच्या पिकअपचा काटा गेली सात वर्षं हलत नाही.

एकदा पुढं अपघात होऊन गाड्या तुंबल्या. आपोआप डाव्या लेनवाले डावीकडं सरकले, बाकीचे उजवीकडं, आणि मधून रुग्णवाहिकेला गल्ली पडली. ती अर्धा तास रिकामी राहिली! दाजी खिडकीतून बघतच राहिले. "चाकणला अशी फट पडली असती तर पैली बुलेट, मंग रिक्षा, मंग..." मंग दाजींची पिकअप, पण ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

स्वित्झर्लंडमध्ये एका दिवसाला हमरस्त्याचा वर्षाचा टोल भरावा लागला, चाळीस फ्रँक, तो क्रेटमध्ये मोजून झाला. पण घाटात पिवळी पोस्टबस आली आणि वळणावर तिचा तीन सुरांचा भोंगा वाजला तेव्हा दाजी विरघळले. निळ्या पाटीवर पिवळा भोंगा काढलेल्या त्या डोंगरी रस्त्यांवर पोस्टबसला मान असतो. ती वाजवते, बाकीचे वाट देतात, गरज पडली तर मागं घेतात. "आमच्या टोमॅटोच्या गाड्या रोजच वाजवत्यात, पण देतंय कोण मान?" घाट चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम आपल्याही पुस्तकात आहे, हे मी बोलून गेलो. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा जर्मनीतला नियमही आपल्याकडं १९८९ पासून छापलेला आहे, हेही म्हणालो. दाजींना पटलं नाही. तो नियम त्यांनी स्वतः आणलाय.

परत आल्यावर दाजी कसे चालवतात, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारू नये. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर, पट्ट्याच्या खाचेत नुसती क्लिप. बायपासचं वळण चुकलं तर चारशे मीटर रिव्हर्स. मी एकदा म्हणालो, "दाजी, तिकडं तर..." ते म्हणाले, "तिकडचा रस्ता अनोळखी, पाव्हणं. हा आपला हाय." परक्या मुलखात नियम पाळतो तोच माणूस घरच्या रस्त्यावर नुसत्या ओळखी पाळतो.

पण काळ्या पाटीच्या पोराला ते जे सांगतात ते अस्सल असतं, आणि त्यातलं जर्मनीचं वगळलं तर उपयोगाचंही. गळीत हंगामात उसाची जोड ट्रॉली असते. तिला मागं लाल दिवा नसतो, पण गाणं असतं. अंधारात गाणं ऐकू आलं की ब्रेक. उसातून कुत्रं पळत बाहेर आलं तर कुत्र्याकडं नाही, त्याच्या मागं बघायचं. बिबट्याला गाडी लागली असं वाटलं तरी बघायला खाली उतरायचं नाही. मेंढरं आली तर हॉर्न नाही, इंजिन बंद. स्पीडब्रेकर रंगवलेला नसतो; पुढच्या मोटारसायकलवाल्याचं बूड उचललं की समजायचं.

दाजींच्या हॉलमध्ये विघ्नेश्वराच्या कॅलेंडरशेजारी एक फोटो आहे. नारायणगावच्या स्टुडिओत लॅमिनेट करून आणलेला. पन्नासच्या हद्दीत अठ्ठावन्न. जर्मन कॅमेऱ्यानं समोरून टिपलेला, दंडाच्या कागदाबरोबर आलेला. तीस युरो, तेजीच्या भावानं सव्वा क्रेट, मंदीच्या पंचवीस. फोटोत दाजींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, पट्टा लावलेला, मान ताठ, नजर समोर. त्यांचा इतका शहाणा फोटो लग्नातही नाही. शेजारच्या सीटवर मात्र काळा चौकोन आहे. चालवणाऱ्याशिवाय दुसऱ्याचा चेहरा तिथं झाकतात.

पाहुणे विचारतात, हे काळं काय?

"ती मी," आक्का चहा ठेवत म्हणते. "तिथूनच सांगत होते, हळू चालवा."