उन्हाविना तांबूस, पाठीने हैराण

स्टुटगार्ट, डिसेंबर

आई-बाबांस,

व्हिडिओ कॉलवर मागे दिसलेल्या जर्मन आजींना कावीळ झालेली नाही. खालच्या मजल्यावरच्या या आजींचा केशरी रंग बाटलीतला आहे. स्टुटगार्टला डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तरीही नुकतंच समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यासारखं दिसण्याची इथे अनेकांना हौस असते. परभणीत मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की हाच रंग फुकट आणि घरपोच मिळतो, आणि कुणालाच नको असतो. जगात जर्मनी, भारतात परभणी हे खरं. रंगाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे जे नाही तेच हवं असतं.

बाटलीतलं मूळ द्रव्य म्हणजे डायहायड्रॉक्सिअॅसिटोन, थोडक्यात डीएचए. ही एक साधी साखर आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिचा संयोग होऊन तपकिरी द्रव्यं तयार होतात. भाकरीला तव्यावर डाग पडतात ते याच जातीच्या क्रियेने. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथे ईव्हा विटगेनस्टाइन या संशोधक लहान मुलांच्या एका आजारात हे द्रव्य तोंडावाटे देत होत्या. ते सांडलं तिथे कातडी तपकिरी झाली, आणि १९६० साली कॉपरटोनचं लोशन दुकानात आलं. रंग काही तासांत चढतो आणि मृत पेशी झडतात तसा साधारण आठवड्यात उतरतो. कोपर, गुडघे आणि टाचा इथली कातडी जाड, म्हणून तिथे तो गडद बसतो. हात धुवायचे राहिले तर तळवे हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखे दिसतात. आजींचे राहिले होते.



तांबूस होण्याचा दुसरा प्रकार नुसत्या रंगाचा. तो आंघोळीबरोबर जातो. तिसरा सोलारियमचा, म्हणजे दिव्यांच्या पेटीत आडवं होण्याचा. त्यात ऊन नसलं तरी अतिनील किरण असतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ साली ही यंत्रं कर्करोगकारक ठरवली आणि जर्मनीने त्याच वर्षी १८ वर्षांखालच्यांना तिथे मज्जाव केला. रंग चढवणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शनं यांच्या वाटेला जाऊ नये. आत्याने विचारलेलं गोरं करणारं क्रीम इथल्या नेहमीच्या दुकानांत मांडलेलं नसतं. सगळी फळी तांबूस होणाऱ्यांनी अडवलेली असते. मुलगी सावळी म्हणून स्थळ परत पाठवणाऱ्या सेलूच्या मंडळींना ही माहिती जरूर कळवावी.

रंगाचं झालं, आता पाठदुखीचं. १२ आठवड्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत एक्स-रे काढूनही ठोस कारण सापडत नाही. दुखणं मात्र खरं असतं. पडून राहण्याने ते वाढतं, चालण्याने आणि नियमित व्यायामाने कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात कंबरेचे पट्टे आणि वजन लावून पाठ ताणणं सरसकट वापरू नये असं म्हटलं आहे. मामाने ट्रॅक्टरवर बसताना बांधायला घेतलेला पट्टा म्हणूनच फारसा कामाचा नाही. मधूनमधून खाली उतरून चालणं जास्त कामाचं.

जर्मनीत पाठीपेक्षा चिठ्ठी जास्त दुखते. सरकारी विम्यावर व्यायामोपचार हवा तर डॉक्टरची चिठ्ठी लागते. तिच्यावर साधारण सहा वेळा उपचार मिळतो. चिठ्ठीमागे १० युरो आणि खर्चाचे १० टक्के रुग्णाने भरायचे. १० युरो म्हणजे हजार रुपयांच्या घरात. तेवढ्यात परभणीत काय काय झालं असतं हे बाबा फोनवर सांगतीलच.

खरी मेख पुढे आहे. चिठ्ठी लिहिल्यापासून २८ दिवसांत उपचार सुरू झाला नाही तर ती बाद होते. उपचार केंद्रात फोन केला की पुढची मोकळी वेळ सहा आठवड्यांनंतरची निघते. मग नव्या चिठ्ठीसाठी पुन्हा डॉक्टर, तिथे पुन्हा रांग, आणि लाकडी खुर्चीवर बसून पुन्हा पाठ. नियम कुणीही मोडत नाही, त्यामुळे भांडायलाही कुणी सापडत नाही.

पाठ धरलेल्याने लोशन लावायचं तर वाकू नये. पाय खुर्चीवर बसून रंगवावेत आणि पाठीला लांब दांड्याचा स्पंज घ्यावा. रंग लावून देणाऱ्या केंद्रातला फवारा उभ्यानेच मारला जातो, पण तेव्हा डोळे, ओठ आणि नाक झाकावं. पाठीच्या मध्यभागी स्वतःचा हात पोचत नाही, ही अडचण रंगाची तशीच पार्सलमधून आलेल्या निर्गुडीच्या तेलाचीही. इथे प्रत्येकाच्या वेळा निराळ्या, म्हणून दुसऱ्याचा हात ठरवून मागावा लागतो. परभणीला मागावा लागत नसे. ओसरीवर पालथं पडलं की आई, आत्या किंवा येणारं-जाणारं कुणीही तेल चोळून जाई, आणि जाताना ‘किती वाळलं हे पोरगं’ असंही म्हणे. तेल पार्सलने येतं, ते वाक्य येत नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर: बाटलीच्या रंगाने ड जीवनसत्त्व मिळत नाही आणि उन्हापासून संरक्षणही होत नाही. ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन ड जीवनसत्त्वासाठी अपुरं पडतं, सावळ्या कातडीला तर अधिकच. रक्त तपासून डॉक्टरने सांगितलेल्या गोळ्या घरात चालू आहेत.

अक्काच्या मुलीच्या मनगटावरच्या कोडाविषयी: डीएचएने असे डाग झाकता येतात. कोड त्याने बरं होत नाही, पण ते संसर्गानेही पसरत नाही. डाग झाकायचा की नाही हे त्वचेच्या डॉक्टरला विचारून तिने ठरवावं, आत्याने नव्हे.

पाठीसाठी बाबांनी गादीखालची फळी काढावी आणि सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर चालायला जावं. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तेल, लेप आणि आत्या यांपैकी कुणाचीही वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.