रा. रा. ब्लेझरसाहेबांस अनावृत पत्र

सा. न. वि. वि.

ऐन जुलैत दोन दिवसांच्या कामासाठी नागपूरहून मुंबईला निघालेल्या माणसाच्या बॅगेत आपण सर्वांत आधी जागा पटकावता, याबद्दल प्रथम अभिनंदन. विमानात हातातल्या बॅगेला मुभा साधारण 7 किलोची. लॅपटॉप आणि चार्जर आत गेले की उरलेल्या जागेवर आपला वहिवाटीचा हक्क. शिवाय आपण चुरगळता, म्हणून आपली घडी उलटी घालायची, खांद्यांत मोजे कोंबायचे आणि आपल्या तोलामोलाचे चामडी बूटही बरोबर घ्यायचे. सांताक्रूझला जुलैत सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे आपल्या कानावर कोणी घातलेलं दिसत नाही. विमानतळापासून बीकेसीपर्यंत आपण अंगावर कुठले, हातावरच असता. छत्री दुसऱ्या हातात, आणि बॅग ज्याची त्याने बघावी.

आपले कैवारी म्हणतील, ब्लेझर नसेल तर बैठकीत कुडकुडाल. अगदी खरं. पण ती खोली एवढी गार केली कोणासाठी? कपड्यांची ऊब मोजायला 1941 मध्ये तीन संशोधकांनी ‘क्लो’ हे एकक सुचवलं. 21 अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला पुरेल ती ऊब एक क्लो, म्हणजे साधारण एक सूट. तेव्हा सूटवाल्याला मानवेल इतका एसी खाली आणायचा आणि त्याच गारठ्याकडे बोट दाखवून सूट घालायला लावायचा, असा हा आग लावून बंब विकण्याचा धंदा आहे. त्याचा भुर्दंड शाल पांघरून बसलेल्या सहकारी बाईंना. कार्यालयांतल्या तापमानाचे निकष पुरुषाच्या चयापचयावर बेतलेले आहेत, हे 2015 मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं. पण बाईंच्या खोलीतला रिमोट कोणाच्या हाती असतो, हे सांगायला संशोधन नको.

राहिला प्रश्न छाप पाडण्याचा. रीतिरिवाजांत जपान्यांचा हात कोण धरणार? तिथल्या सरकारने 2005 मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढली, उन्हाळ्यात एसी 28 अंशांवर ठेवायला सांगितलं आणि खुद्द पंतप्रधान कोइझुमी टायविना वावरले. हवामान वेगळं म्हणाल, तर मुंबईसारखंच दमट ढाका घ्या. वीज वाचावी म्हणून 2009 मध्ये शेख हसीना सरकारने पुरुष कर्मचाऱ्यांना सूट-टाय घालू नका असं फर्मावलं. त्यानंतरही बांगलादेश साऱ्या जगाला कपडे शिवून देतच राहिला. वकिलांच्या काळ्या कोटाला नियमाचा आधार आहे, त्यांना यातून वगळू. आपला एक गुणही कबूल करायला हवा: अंगावर असलात की आपलं वजन कोणी करत नाही, आणि खिशांत पॉवरबँक, चष्मा, चिवड्याची पुडी सगळं मावतं.

तूर्त आपल्या जागी दोन सुती शर्ट, चटकन वाळणारी गडद पँट आणि पातळ स्वेटर यांची नेमणूक केली आहे. पायांत रबरी तळाचे बूट. कळावे.

ता. क. डिसेंबरात मुंबईकर हिवाळी अधिवेशनाच्या कामांसाठी नागपूरला येतात. तिथली थंडी एसीची नसते. त्या दौऱ्यात आपण जरूर यावं.