कोजागरीचे दूध आणि ग्लायकोलिपिड

बायोकेमिस्ट्रीचा प्राध्यापक निवृत्त झाला तर होऊ द्यावा, पण त्याच्या हातात माइक देऊ नये. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीने कोजागरीला नेमके तेच केले. गच्चीवर दूध आटत होते. अध्यक्ष म्हणाले, "सर, दूध होईपर्यंत काहीतरी हलकंफुलकं बोला."

मी हलकाफुलका विषय निवडला : गाठी निर्माण करणारे विषाणू पेशीतल्या ग्लायकोलिपिडांचे काय करतात.

"पेशीच्या आवरणात मेदाचं शेपूट रुतलेलं आणि बाहेर साखरेची साखळी. हे ग्लायकोलिपिड."

"म्हणजे पेढाच की," पहिल्या रांगेतल्या काकू म्हणाल्या. हशा झाला. तो मला मिळालेला प्रतिसाद समजून मी आणखी चेकाळलो. हाकोमोरी आणि मुराकामी यांनी १९६८ साली पॉलिओमा विषाणूने बदललेल्या हॅमस्टरच्या पेशी तपासल्या, तेव्हा हेमॅटोसाइड नावाचे ग्लायकोलिपिड घटलेले आणि त्याच्या आधीच्या पायरीवरचे लॅक्टोसिल-सेरामाइड वाढलेले आढळले. पुढे ब्रॅडी आणि मोरा यांना विषाणूने बदललेल्या उंदरांच्या पेशींत पुढची साखर जोडणारे एन्झाइमच थंडावलेले दिसले. "साखळी अर्धवट!" मी ओरडलो. मागच्या रांगेत कुणीतरी दचकून जागे झाले.

एका चिमुरड्याने हात वर केला. "लॅक्टोसिल म्हणजे दुधातलं का?"

"शाब्बास! तीच साखर, लॅक्टोज!" असा विद्यार्थी नोकरीत असताना कधी मिळाला नव्हता. "आणि दुधावरून आठवलं..."

इथे थांबायला हवे होते. पण मुंबईत टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारणाऱ्या, पुण्याच्या कमल रणदिवे यांच्याबद्दल बोलायचे राहून कसे चालेल? उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. "आणि त्या कर्करोगाचा विषाणू," मी आवाज चढवला, "आईच्या दुधातून पिलांत जातो! बिटनरनं १९३६ सालीच दाखवलं होतं!"

त्याच क्षणी पातेले आले.

"सर, हे गाईचंच आहे ना?" खजिनदारांनी हळूच विचारले.

"अहो, तो विषाणू उंदरांचा! उंदरांच्याच दुधातला!" मी ठणकावून सांगितले. पातेल्याशेजारी उभे राहून 'उंदीर' हा शब्द दोनदा उच्चारला की पुढचे शास्त्र कुणी ऐकत नाही. काकूंनी पेला खाली ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले. चंद्र तेवढा डोक्यावर आला होता.

केशर-चारोळीचे ते दूध शेवटी वॉचमनने आणि मी संपवले. मी तर चढाओढीने प्यालो, शास्त्राची अब्रू माझ्या पेल्यात होती.

मला लॅक्टोज पचत नाही.