अक्षर न् अक्षर वाचणारा

तांत्रिक मॅन्युअल लिहिणाऱ्याला वाचक नसतो, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. लोक मॅन्युअल उघडतात ते सगळं करून फसल्यावर, आणि तेही आपलं काय चुकलं हे बघायला नव्हे, लिहिणाऱ्याचं काय चुकलं हे बघायला. १९७१ साली युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं, त्यात केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'बग्ज' असा एक खास मथळा ठेवला होता. आपल्याच प्रोग्रॅमचे दोष आपणच त्याखाली मांडायचे! एवढा सज्जनपणाही किती जणांच्या नजरेस पडला असेल, कोण जाणे.

मला मात्र आता वाचक मिळाला आहे. अक्षर न् अक्षर वाचतो, मधली पानं गाळत नाही, आणि वाचलेलं खरं मानतो. तो एआय एजंट आहे.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक चिमुकला स्वतंत्र संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी वायरीत वीज आहे तोवर हा जागा. त्याच्यामार्फत पुण्यात बसून ऐरोलीच्या डेटा सेंटरमधलं मशीन चालू-बंद करता येतं, पंखे किती जोरात फिरताहेत ते कळतं. त्याच्याशी बोलायची आयपीएमआय ही रीत १९९८ची, रेडफिश ही नवी रीत २०१५ची. आजवर ही बोलणी अनुभवी माणसं करत. आता तीच कामं टूलच्या रूपात एजंटच्या हाती दिली जाताहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी ही एजंटला टूल जोडून द्यायची रीत आणल्यापासून त्याला ठरावीक साचाही मिळाला आहे: टूलचं नाव, त्याला कोणती माहिती द्यायची, आणि वर चार ओळींचं वर्णन. त्या चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आहे. एजंटला मशीन दिसत नाही, पंख्याची घरघर ऐकू येत नाही. त्याचं सगळं जग माझ्या चार ओळींत. एवढी जबाबदारी मी मागितली नव्हती.

उदाहरणार्थ, 'पॉवर ऑफ' आणि 'पॉवर सॉफ्ट'. 'सॉफ्ट' म्हणजे पंगत आटोपली असं नम्रपणे सुचवणं. 'ऑफ' म्हणजे जेवणाऱ्याला ताटावरून दंड धरून उठवणं. डेटाबेसचा घास तोंडातच. जुन्या माणसाला हे सांगावं लागत नाही, त्याचा हात 'ऑफ'वर आपोआप अडखळतो. एजंटचा हात अडखळावा म्हणून मला आधी ती अडखळण लिहावी लागते.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो चहावर. भरपूर मेमरीचा सर्व्हर रीस्टार्ट केला की लगेच उठत नाही. मेमरी तपासतो, कार्डं मोजतो, काही मिनिटं नुसता गप्प असतो. जुन्या कागदपत्रांत याबद्दल अवाक्षर सापडत नाही, कारण गरजच नव्हती. माणूस रीस्टार्ट देतो आणि खाली टपरीवर जातो. तिथे नेटवर्कवाला भेटतो, स्कोअर विचारला जातो, सुट्टे पैसे नसतात. वर येईतो सर्व्हर उठून बसलेला असतो. आमची अख्खी व्यवस्था त्या कटिंगवर उभी होती आणि कुणीही ते लिहून ठेवलं नव्हतं! एजंट चहा पीत नाही. तो अर्धं मिनिट थांबेल, उत्तर नाही असं पाहील आणि पुन्हा रीस्टार्ट देईल. कसंबसं उठू लागलेलं मशीन पुन्हा आडवं. वर तो आपल्या कृतीची कारणंही शुद्ध भाषेत देईल. म्हणून मी लिहिलं: 'दहा मिनिटांपर्यंत प्रतिसाद न येणे स्वाभाविक आहे. या काळात पुन्हा रीस्टार्ट देऊ नये. दर मिनिटाला फक्त स्थिती पाहावी.' चहाचं सरकारी भाषांतर. त्यात आलं नाही, वेलची नाही.

लॉगचंही तसंच. 'इव्हेंट लॉग भरला आहे' अशी सूचना आली, की ती मिटवायचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे लॉग पुसून टाकणं. तर्कात काही खोट नाही. फक्त एखादी मेमरीची पट्टी महिनाभर जी कुरबुर करत होती, तिचा सगळा पुरावा त्यात असतो. 'आधी प्रत काढावी' हे तीन शब्द मी वर्णनाच्या पहिल्याच ओळीत नेऊन ठेवले.

एमसीपीत टूलला शेरेही देता येतात: हे फक्त वाचतं, हे दोनदा चालवलं तरी फरक पडत नाही, हे नासधूस करू शकतं. काहीच शेरा दिला नाही तर? तर ते नासधूस करू शकतं असंच धरायचं. हे कलम सुचवणाऱ्याने सर्व्हर रूममध्ये काही रात्री नक्की काढल्या असणार.

सगळ्यात माया वाटते ती 'आयडेंटिफाय'वर. शेकडो जुळ्या मशिनांतून नेमकं हवं ते तंत्रज्ञाला सापडावं म्हणून त्याचा दिवा लागतो, एवढंच ते टूल करतं. आयपीएमआयटूलमध्ये वेळ सांगितली नाही तर दिवा पंधरा सेकंदांत विझतो. तेवढ्यात तंत्रज्ञाचं रजिस्टरवर नावसुद्धा लिहून होत नाही.

राहिलं 'फोर्स ऑफ', म्हणजे तेच दंड धरून उठवणं. ते एजंटला थेट द्यायचं नाही, आधी माणसाची संमती घ्यायची असं ठरलं. एजंट ती फार व्यवस्थित मागतो: कोणतं मशीन, का बंद करायचं, सॉफ्टने का भागलं नाही, काय गमावलं जाऊ शकतं. खाली 'हो' आणि 'नाही'. रात्री तीन वाजता फोन चाचपत उठलेला माणूस यातलं काय वाचतो? 'हो'. म्हणून मी सुचवलं, की संमती देणाऱ्याने सर्व्हरचं पूर्ण नाव स्वतः टाइप करावं. निदान तेवढं तरी वाचलं जाईल. लोक आता ते वरच्या ओळीतून कॉपी-पेस्ट करतात.