देखसूत!

गावोगाव असा एक पोरगा असतोच. आमच्या खानदेशात, दोंडाईच्यात जरा भरदार निघतो, इतकंच. नोकरीचा अर्ज? "देखसूत," म्हणजे अहिराणीत ‘बघू’. विहिरीवरची मोटार? "देखसूत." लग्नाचं? तेही देखसूत, फक्त लाजून. याला आळशी म्हणणारे शब्द चुकवतात. आळस आला संस्कृत ‘अलस’वरून, ज्यात लकाकी नाही, हालचाल नाही तो अलस. हा तर चांगला तुकतुकीत असतो. याचा शब्द ऐदी. अरबीत ‘अहद’ म्हणजे एक. अकबराच्या पदरी अहदी होते, अक्षरशः एकांडे शिलेदार: कुणा मनसबदाराच्या हाताखाली नाहीत, थेट बादशहाचे. त्यांचा दिवाण वेगळा, बक्षी वेगळा आणि अनेकांचा पगार महिना 500 रुपयांच्या वर, असं अबुल फजल लिहून ठेवतो. मोठी निकड पडली तर हुकूम, एरवी बसून खायचं. सारा थकवणाऱ्या जमीनदाराकडे धाडलं, तरी वसुली होईपर्यंत दारात ठिय्या द्यायचा. थोडक्यात, बसणं हाच हुद्दा! 1601 साली याच अकबरापुढं आसीरगड पडला, खानदेश मोगलाईत गेला आणि शाहजादा दानियालच्या नावानं ‘दानदेश’ झाला. ते नाव पुसलं गेलं, मोगलाई बुडाली. ऐदी तेवढा टिकला. म्हणून माझं म्हणणं, हा कामचुकार नव्हे. हुकूम न आलेला शिपाई आहे, आणि तोवर टपरीवर बसून सुरत-भुसावळ गाड्या मोजणं ही त्याची हजेरी आहे.

कुणी म्हणेल, कामच नाही तर पोरानं करावं काय? पटलं असतं, पण हंगामात मिरचीचा ठसका गावभर असतो आणि देठं खुडायला हात लागतात. ते हात त्याच्या मायचे असतात. अहदीचा पगार बादशाही खजिन्यातून यायचा. याचा, रात्रभर आग होणाऱ्या बोटांतून. मग तीच माय कळण्याची भाकरी गरम वाढते कशी, गाव याला सोसतं कसं? मोठ्या नाइलाजानं कबूल करतो: मध्यरात्री कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत कळ आली, की कामसू माणसं सकाळच्या पाळीचा विचार करतात. हा चपलाही न घालता गाडी काढतो आणि रोग्याला धुळ्याला पोचवतो. त्या एका वेळी तोंडातून ‘देखसूत’ निघत नाही. उजाडता तो पुन्हा टपरीवर. रात्री पेट्रोल कुणाच्या पैशाचं जळालं, हे त्याला कुणी विचारत नाही. माय आणखी एक पोतं खुडायला घेते.