अर्धी दरी, पोटभर जेवण

जगात जर्मनी आणि भारतात परभणी असली, तरी चढउताराच्या बाबतीत देवाने आमच्यावर अन्यायच केलाय. गोदाकाठची काळी, सपाट जमीन. डोंगर बघायचा तर जिंतूरकडे नेमगिरीला जावं. शहरातल्या माणसाच्या नशिबी रेल्वेचा उड्डाणपूल. तोही आम्ही स्कूटरवर चढतो.

त्यामुळे पुण्यात नोकरीला असलेला भाचा "मामा, सांदण दरीला येता का?" म्हणाला, तेव्हा घरच्यांनी आधी माझ्या पोटाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. सांदण म्हणजे भंडारदऱ्याच्या पलीकडे, अकोले तालुक्यात (आपलं अकोला नव्हे) साम्रद गावाजवळ जमिनीला गेलेली भेग. दोन्हीकडे २००-३०० फुटांचे काळे कातळ आणि मधे जेमतेम वाट. मर्दांची रीत अशी: साम्रदहून आत शिरायचं, पाणी तुडवायचं, दोरावर लोंबकळत कातळटप्पे उतरायचे, शहापूर तालुक्यात डेहण्याच्या बाजूला निघायचं आणि करोली घाटाने परत वर. इथे मी चौकशी थांबवली.

सोपी रीत साम्रदच्या वाटाड्याने सांगितली. "काका, दोराचा टप्पा येतो तिथवर जायचं, अन् आल्या वाटेनं माघारी यायचं." मी काही विचारायच्या आतच त्याने हे का सांगितलं, ते मी विचारलं नाही. पावसाळ्यात आत पाऊलही टाकायचं नाही, वरचं सगळं पाणी याच फटीतून सुटतं. उन्हाळ्यात डबकी उतरलेली असतात, पोरांना सुट्ट्या असतात आणि मुख्य म्हणजे तळाशी ऊन फारसं पोचत नाही. परभणीत पारा ४४ अंशांवर गेलेला असताना फुकट सावली मिळतेय म्हटल्यावर माणूस ४०० किलोमीटर येतोच. बाकीचे साहसासाठी आले होते; मी सावलीला आलो होतो.

शिळा उतरायचं माझं तंत्र साधं. आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, पुढचं आपोआप होतं. पँटची बैठक तेवढी पातळ होते. पाण्यापाशी बूट गळ्यात, मोबाईल साखरेच्या पिशवीत आणि पँट मांडीपर्यंत. पाणी इतकं गार, की खालचे पाय कुणाचे तेच कळेना.

दोराच्या टप्प्यावर भाच्याने हेल्मेट चढवलं.

"मामा, खरंच अर्ध्यातून परतणार?"

"परतू की. दरी काय पळून चालली का?"

वर साम्रदला नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. ज्वारीची नाही म्हणून जरा वाईट वाटलं; ते तिसऱ्या भाकरीला गेलं. मग पडवीत ताणून दिली.

भाचा उगवला दुसऱ्या दिवशी दुपारी, करोली घाटाने. ओठ सुकलेले, गुडघा सोललेला. तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन म्हणाला, "मामा, दरी संपते ना खाली, तिथं काय आहे माहितीये?"

"काय?"

"ऊन."