निळ्या तासाचे व्रत

रात्रीच्या मुंबईचा फोटो काढणे हे व्रत आहे, छंद नव्हे. छंद कोणत्याही दिवशी करता येतो आणि सोडलाही जातो. व्रताला तिथी लागते, साहित्य लागते, उपास घडतो आणि घरच्यांचा रोष पत्करावा लागतो. मी हे व्रत गेली सहा वर्षे करतो आहे. फळ अजून मिळालेले नाही, पण विधी तोंडपाठ झाला आहे. तो इच्छुकांसाठी सांगतो.

स्थान ठरलेले आहे. मलबार हिलच्या उतारावर जावे, म्हातारीचा बूट ज्या बागेत आहे तिच्या आसपास, आणि तोंड मरीन ड्राइव्हकडे करावे. खाली गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत दिव्यांची ती प्रसिद्ध कमान, म्हणजे राणीचा हार, दिसते. नवशिके मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरूनच मरीन ड्राइव्हचा फोटो काढू पाहतात. हार गळ्यात घालून तो स्वतःला दिसत नाही, आरशासमोर उभे राहावे लागते. मलबार हिल हा मुंबईचा आरसा आहे, आणि तिथले भाडे आपल्याला दोघा-तिघांत मिळूनही परवडणार नाही, म्हणून संध्याकाळपुरते उभे राहून यावे.

साहित्यात मुख्य वस्तू ट्रायपॉड, म्हणजे आपली तिवई. रात्रीच्या फोटोला आठ-दहा सेकंद कॅमेरा निश्चल ठेवावा लागतो आणि चाळिशी ओलांडलेला मराठी माणूस इतका वेळ निश्चल फक्त दुपारी जेवणानंतर असतो. तिवई स्वस्तातली असेल तर मधल्या दांड्याच्या हुकाला जड पिशवी अडकवावी. मी पाण्याच्या दोन बाटल्या आणि शेंगदाण्यांची पुडी अडकवतो. पुडी हलकी होत जाते तसतसे फोटो हलायला लागतात, हा अनुभव आहे.

मात्र तिवईचे पाय उघडण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्या. मुंबईत हातात मोबाइल धरलेला माणूस नागरिक असतो, गळ्यात कॅमेरा असलेला पर्यटक, आणि तिवई उघडलेला माणूस संशयित. पहिला पाय लांब करताच रखवालदार येतो. “परमिशन आहे का?” शेजारी तीस जण मोबाइलवर तोच देखावा टिपत असतात, त्यांना कोणी विचारत नाही. मी एकदा युक्तिवाद केला की यंत्र तेच, फक्त पाय तीन जास्त. त्याने शांतपणे सांगितले, “पायांचीच परमिशन लागते, काका.” यावर उत्तर नाही. तेव्हापासून रखवालदार दिसला की कॅमेरा भिंतीच्या कडेवर, खाली तांदळाची छोटी पिशवी ठेवून बसवतो. तांदूळ घट्ट बसतात. साबुदाणा सरकतो.

आता मुहूर्त. सूर्य मावळल्यावर आकाश काळे होण्याआधी काही काळ गडद निळे असते. त्या वेळी आकाशाचा उजेड आणि शहराचे दिवे साधारण तोलात येतात. याला जगभर ‘निळा तास’ म्हणतात. हे नाव उत्तरेकडच्या लोकांनी ठेवलेले असावे, कारण तिकडे सूर्य तिरका, पाय ओढत मावळतो. आपल्याकडे तो जवळपास सरळ खाली जातो, त्यामुळे मुंबईचा निळा तास सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी सुरू होऊन पुढच्या वीस मिनिटांत संपतो. वीस मिनिटांना तास म्हणणारी दुसरी जागा म्हणजे शाळेतला चित्रकलेचा तास, तोही गणिताच्या बाईंनी मागून घेतलेला.

सूर्यास्ताची वेळ सांगणारी अॅप पुष्कळ आहेत. मी भिंतीवरचे कालनिर्णय वापरतो, कारण त्यात तिथीही मिळते आणि खरी मेख तिथीत आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आगेमागे पूर्वेला, म्हणजे मलबार हिलवरून पाहता नेमका शहराच्या माथ्यावर उगवतो. हे वाचून पौर्णिमेलाच पळू नका. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला भरती अकरा-बाराच्या सुमारास, आणि संध्याकाळी ओहोटी. चंद्र आला तर समुद्र मागे गेलेला, खाली ओली वाळू आणि वाळूवर शहराने जे जे टाकले ते. प्रतिबिंब हवे तर सूर्यास्ताला भरती हवी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमी. आणि शुक्ल अष्टमीला त्या वेळी चंद्र बराच वर असतो, चौकटीच्या पार बाहेर. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. निसर्गाने मुंबईतही वन-बीएचकेच ठेवले आहे, एकाला बाहेर झोपावे लागते.

चंद्र सोडा, असे माझे मत आहे. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड. वर चढला की त्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो आणि शहराला आठ सेकंद लागतात. दोघांना एका फोटोत बसवले की शहर नीट येते आणि चंद्राचा मेदूवडा होतो, भोकाशिवायचा.

तर अष्टमी. पण वार पाहा. रविवारी नरिमन पॉइंटच्या कचेऱ्या बंद असतात आणि मनोरे अंधारात उभे राहतात. आपल्याला सुट्टी असते तेव्हा फोटोतल्या दिव्यांनाही असते. म्हणून कामाचा दिवस हवा. शिवाय हिवाळ्यात धुरके असते आणि पावसाळ्यात पाऊस, तेव्हा पाऊस संपता संपताची हवा हवी. ही सगळी गणिते जुळवत गेलो की बोट आश्विन शुक्ल अष्टमीवर येऊन थांबते, आणि आमच्याकडे त्याच संध्याकाळी महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. “अहो, आज तरी ते तिकाटणं खाली ठेवा,” हे वाक्य मी सहा आश्विनांत सहा वेळा ऐकले आहे.

प्रत्यक्ष विधी सोपा आहे. आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते ११, फोकस हाताने, समोरचा एक दिवा पडद्यावर मोठा करून. लेन्समधले कंपनरोधक यंत्र बंद करावे. कॅमेरा स्थिर असला की त्याला काम उरत नाही, आणि मग ते नसलेली थरथर शोधत बसते व स्वतःच थरथरते. कचेरीत अशी माणसे पाहिलेली असतील. बटण बोटाने दाबू नये, दोन सेकंदांचा टायमर लावावा. दिव्यांना चांदणीसारखे किरण फुटतात ते छिद्राच्या पात्यांमुळे : पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. माझ्या लेन्सला सात पाती, म्हणून प्रत्येक दिव्याला चौदा किरण. पाहुण्यांना हे मोजून दाखवतो. पाहुणे हल्ली कमी येतात.

एसी टॅक्सीतून उतरून थेट कॅमेरा काढू नये. थंड काचेवर मुंबईची दमट हवा बसते आणि ती पुसण्यात निळ्या तासातली दहा मिनिटे, म्हणजे अर्धा तास जातो. बसने यावे.

शेवटची गोष्ट रंगाची. हा हार मध्यंतरी पांढरा झाला होता. सोडियमच्या दिव्यांचा तो सोनेरी पिवळेपणा २०१५ साली पांढरे एलईडी बसवल्यावर गेला, तेव्हा गावभर ओरड झाली. राणीचा हार उतरवून तिच्या गळ्यात दवाखान्याची ट्यूबलाइट घातल्यासारखे ते दिसे. पुढे पिवळसर दिवे परत आले. पांढऱ्या दिव्यांच्या काळात कॅमेऱ्याची आपोआप रंग सुधारण्याची सोय तेवढी खूश होती, कारण तिला पिवळा रंग हा आजार वाटतो. ती बंद करा.

रस्त्यावरचे दिवे झाले, आता घरातले. त्या कमानीवर जुन्या, गोल कोपऱ्यांच्या, २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या आर्ट डेको इमारती आहेत आणि माझ्या चौकटीत डावीकडच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्याची बाल्कनी सहाही वर्षे काळीकुट्ट आहे. हारातून मणी गळाल्यासारखी. तिथे राहणारे हे वाचत असतील तर हात जोडून विनंती : येत्या आश्विन शुक्ल अष्टमीला संध्याकाळी साडेसहा ते सात बाल्कनीतला दिवा लावा. पिवळा लावा. बिल मी देईन.